बर्फ मीठ घेत नाही

नौबाद, बिदर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय विनीता,

काल फोनवर तू विचारलंस, घरी कसं आहे, आणि मी म्हणालो, छान. मंजू? तीही छान, अभ्यास करतेय. फोन ठेवल्यावर ही दोन्ही वाक्यं मला टोचत राहिली. मंजू अभ्यास करत नव्हती. स्क्रीनवर तुझं नाव दिसताच ती गच्चीवर गेली होती आणि जिन्याचं दार तिनं ओढून घेतलं होतं. तू निघाल्यापासून तिनं तुझा एकही फोन घेतलेला नाही. नेटवर्क नव्हतं, क्लासला गेली होती, झोपली होती, असं मी जे जे सांगितलं ते सगळं माझं.

म्हणून हे पत्र. तुमच्या स्टेशनवर आता व्हिडिओ कॉलसुद्धा लागतो, तरी मी कागदावर लिहून त्याचे फोटो मेलनं पाठवतोय, याला तू हसशील. पण फोनवर तुझ्यामागे कुणीतरी चहाचा मग घेऊन उभं असतं, माझा आवाज तिकडे पोचायला जरा उशीर होतो, आणि तेवढ्यात मी बोलायचं ते बदलून टाकतो. कागदावर बदललं तर निदान खाडाखोड दिसते.

गेल्या रविवारी संतपूरला आई-अप्पांकडे गेलो होतो. कलबुर्गीच्या विद्यापीठात चांगली नोकरी असताना तू अंटार्क्टिकाला नेमकं काय करायला गेलीस, हे आईला अजून पटलेलं नाही. मी म्हणालो, बर्फाच्या थराखाली फार खारट पाणी असतं, त्याचे नमुने घ्यायला.

"मीठ हुडकायला गेली व्हय? औरादच्या बाजारात मिळंना का मीठ?"

"आई, तितलं मीठ इंपोर्टेड असतंय," बंटी म्हणाला. माझ्या या धाकट्या भावाला गप्प बसवणं तुलाच जमायचं.

अप्पा मात्र हसले नाहीत. तंबाखू मळता मळता म्हणाले, "मीठ साचतंय कवा? ऊन लागून पाणी उडालं म्हंजे. चिंताकीकडच्या त्या खारवट रानात तसंच व्हायलंय. एवढ्या बरफाखाली ऊन कुठून आलं?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. विचारून सांगतो, म्हणालो. तेव्हा अप्पांना समजेल असं उत्तर पाठव. मलाही समजेल असं.

विजयेंद्र


नौबाद
१५ डिसेंबर २०२४

प्रिय विनीता,

अप्पांच्या एका प्रश्नाला तू चार पानी उत्तर पाठवलंस. आज ओट्यावर बसून मी त्यांना सांगितलं ते असं. चुकलं असेल तर कळव.

तुम्ही नमुने घेता त्या दरीत कधीकाळी समुद्र आत आला होता. मग बर्फ सरकत सरकत त्याच्यावर आला आणि पाणी खाली कोंडलं गेलं. तिथं ऊन नाही, वाफ व्हायला वाट नाही. पण बर्फाच्या तळाशी ते पाणी थोडं थोडं गोठत राहतं. गोठताना पाण्याचे कण एकमेकांना इतके नेमके धरून बसतात की मध्ये मिठाला जागा उरत नाही. मीठ खालच्या पाण्यात ढकललं जातं. पाणी कमी होत जातं, मीठ तेवढंच राहतं. आणि पाणी जितकं खारट, तितकी ते गोठायला जास्त थंडी लागते. म्हणून शून्याच्या बरंच खाली गेलं तरी शेवटचं पाणी पातळच राहतं, हजारो वर्षं.

अप्पांनी ऐकून घेतलं. "उन्हाचं काम थंडीनं केलं म्हणायलास."

"व्हय."

"सुनबाईवर इस्वास हाय माझा. पर बघितल्याबिगर पटंना."

तुझ्या मेलच्या शेवटच्या ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या नाहीत. हिवाळाभर स्टेशनवर थांबशील का, असं तुमच्या टीमलीडरनं विचारलं आहे. बर्फात पाडलेल्या बोअरमध्ये जी यंत्रं सोडलीत त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवायला माणूस हवा. विद्यापीठ रजा वाढवून देईल. उत्तर वीस फेब्रुवारीपर्यंत द्यायचं. हो म्हटलंस तर पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथून निघायची सोय नाही. तू मला विचारलंस, "तुम्हाला काय वाटतं?"

मला विचारशील तर माझी काहीच हरकत नाही. अशी संधी पुन्हा येत नाही. मी भाकरी सोडून सगळं करायला शिकलो आहे. प्रश्न मंजूचा आहे. तिचं दहावीचं वर्ष, मार्चमध्ये परीक्षा. ती बोलत नाही, पण रात्री रडत असावी. परवा सकाळी अंथरूण आवरताना तिची उशी ओली लागली. तिच्याकडे बघून तू काय ते ठरव.

विजयेंद्र


नौबाद
३१ डिसेंबर २०२४

प्रिय विनीता,

काल मार्गशीर्षातली अमावास्या, आपली येळवस झाली. तू नसतानाची पहिली. जे घडलं ते तुला आजच्या आज कळायला हवं.

बंटीला यंदा पंचायतीला उभं राहायचं आहे, त्यामुळे शेतात जेवायला त्यानं अर्धा गाव बोलावला होता. एवढ्या माणसांना पुरेल इतकं ज्वारीचं पीठ एका रात्रीत शिजवून ताकात कालवणं आईच्यानं आता होत नाही, म्हणून तिनं अंबिल लवकरच घातली. ती वेळेआधीच आंबायला लागली. मग बंटीनं डोकं चालवलं. औरादला त्याच्या दोस्ताचं आइस्क्रीमचं दुकान आहे, थंडीत डीप फ्रीजर रिकामाच असतो. अंबिलीचे सगळे कॅन दोन रात्री त्यात.

सकाळी शेतात कॅन उघडले तर कडेनं सगळा बर्फ आणि मध्ये थोडी पातळ अंबिल. बंटी खूश. "बघ दादा, कोल्ड्रिंकवाणी झालीया." सगळ्या कॅनांतलं पातळ तेवढं त्यानं नव्या मातीच्या बिंदग्यात ओतून घेतलं आणि बर्फाचे कॅन कडब्याच्या कोपीमागे ठेवले, वितळलं की दुसऱ्या पंगतीला होईल म्हणून. कोपीत पांडवांची पूजा झाली. नैवेद्याच्या आधी काही चाखायचं नाही, त्यात आईचं किती कडक असतं तुला माहीत आहे. तिनं झाकण काढून वाससुद्धा घेतला नाही.

पहिला पेला मान म्हणून रेवणसिद्धप्पांना, आपल्या बांधाशेजारचे ते म्हातारे. त्यांनी एका दमात रिकामा केला. डोळे गच्च मिटले.

"कशी झालीया, काका?" बंटीनं विचारलं.

"झकास," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मग त्यांच्या शेजारचा माणूस प्याला. "लय भारी." त्याच्या शेजारचाही प्याला आणि नुसती मान हलवली. येळवशीच्या अंबिलीला कुणी नावं ठेवत नाही. माझा पेला आला. विनीता, खारट हा शब्द त्याला पुरत नाही. जीभ आतल्या आत गोळा झाली. आणि मी म्हणालो, "वा!" का म्हणालो, कालपासून स्वतःला विचारतोय.

अख्खी पंगत अशी वा वा करत पुढं सरकली ती मंजूपर्यंत. तिनं एक घोट घेतला आणि बांधावर थुंकून टाकला.

"आज्जी, ही अंबिल आहे का समुद्र?"

आईनं तिच्या हातातला पेला घेऊन तोंडाला लावला. "अगं माय!" मग बंटीकडे वळली. "मुडद्या, परत मीठ घातलास का त्येच्यात?"

"म्या कशाला घालतोय?"

"मग कुणी घातलं, पांडवांनी?"

तेव्हा कुठं रेवणसिद्धप्पांना हसू आवरेना. "शकुबाई, मला वाटलं बंटीला मत देणाऱ्याला एवढं सोसावंच लागतंय."

हसण्याच्या त्या गोंधळात मंजू कोपीमागे गेली. मी तिच्या मागं गेलो तर ती कॅनमधला बर्फाचा तुकडा दाढेखाली फोडत होती. "पप्पा, बर्फ अळणी आहे." दुसऱ्या कॅनमधला घेतला. "हा पण." मग ती तशीच उभी राहिली, गालात बर्फ धरून. "मम्मीचं पाणी," ती म्हणाली.

मम्मी हा शब्द तू गेल्यापासून मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तिनं अप्पांना हाताला धरून आणलं. आधी बर्फ चाखायला दिला, मग बिंदग्यातलं बोटभर. अप्पा बराच वेळ तोंड हलवत राहिले.

"म्हंजे बरफ मीठ आत घेईना. भाईर ढकलायलंय."

"व्हय, आज्जा."

"उन्हाबिगर."

"उन्हाबिगर."

"तुझ्या मम्मीला सांग, म्हाताऱ्याला पटलं."

कॅनमधला बर्फ वितळल्यावर मंजूनंच तो बिंदग्यातल्या अंबिलीत कालवला. चव पुन्हा जशीच्या तशी आली, दुसरी पंगत सुखानं जेवली.

परत येताना गाडीत मी म्हणालो, मम्मीला फोन लावू? ती म्हणाली, "मी सांगणार आहे. तुम्ही सांगू नका." कधी, विचारलं तर म्हणे, "माझं मी बघते." आज दिवसभर तिनं फोन हातात घेतला नाही. ही कधी सांगणार आणि तुला कधी कळणार? मला राहवलं नाही. मी लिहिलं आहे हे तिला कळू देऊ नकोस. ती तुझ्याकडे वळते आहे, एवढं तुला कळावं म्हणून हे.

विजयेंद्र


नौबाद
१२ जानेवारी २०२५

प्रिय विनीता,

तुझी यात काही चूक नाही, हे आधी लिहितो. पत्र वाचून तुला आनंद झाला आणि आनंदाच्या भरात तू मंजूला मेसेज केलास, "अंबिलीचं कळलं, शाब्बास गं माझी शास्त्रज्ञ!" एरवी कुठल्याही आईनं हेच केलं असतं.

मी उप्पीट हलवत होतो. ती फोन माझ्यासमोर धरून उभी राहिली.

"हे तुम्ही सांगितलं?"

"हो, पण..."

"मी नको म्हटलं होतं."

"अगं, तू सांगत नव्हतीस ना."

"मी पूर्ण करून सांगणार होते! घरच्या फ्रीजमध्ये परत ठेवून बघत होते, मिठाचं पाणी, डब्यात. किती गोठलं की किती खारट होतं ते. चित्रं काढली होती. आज्जाचं वाक्य पण लिहून ठेवलं होतं. मम्मीला दाखवायला माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी होतं, पप्पा."

फ्रीजमध्ये डबे होते. मी ते बाजूला सारून दूध ठेवत होतो, आणि हे कशाला म्हणून विचारलंही नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि मी रात्री रडते, हे पण तुम्हीच कळवलं ना?"

"उशी ओली होती."

"केस धुतले होते!"

ती चिडली की आज्जीसारखी बोलायला लागते, तुला माहीत आहे. म्हणाली, "तुम्हाला मम्मी यायला हवीय ना? मग तसं म्हणा की. माझं नाव कामून घ्यायलाव?"

"मग तू तिचा फोन कामून घेत न्हाईस?" मीही तसाच बोलून गेलो.

"तुम्ही शेजारी उभे राहता म्हणून. बोलून झालं की विचारणार, काय म्हणाली. आणि ती काही म्हणायच्या आधी तुम्हीच मला सांगता, मम्मीला असं वाटतं, मम्मीला तसं वाटतं. मी रागावले होते तिच्यावर. पहिल्या आठवड्यात. ते पण मला तिलाच सांगायचं होतं."

उप्पीट खालून लागलं. तिनं करपलेलं तेवढं सोडून खाल्लं आणि शाळेत गेली.

कॉलेजात मी पोरांना वर्षानुवर्षं सांगतो, सांगोवांगीची साक्ष आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांत गल्लत करू नका. घरात मी दोघींच्या मध्ये बसून दोघींच्या वतीनं साक्ष देत होतो. मला वाटत होतं, मी तुम्हाला जोडून धरलंय. डिसेंबरातलं पत्र आठवून पाहिलं. माझी हरकत नाही, असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीला ओली उशी ठेवली. नाही म्हणायचं काम मी पोरीकडून करून घेतलं.

आजपासून तू तिच्याच नंबरवर फोन करत जा. दार लावून बोलेल. मी विचारणार नाही.

विजयेंद्र


नौबाद
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनीता,

तुमचं दोघींचं बोलणं चालू झालं की मी चप्पल घालून कारेझपर्यंत, त्या जुन्या भुयारी कालव्यापर्यंत चालत जातो. परत आलो की मंजूच्या तोंडाकडे बघतो आणि काही विचारत नाही. परवा तीच म्हणाली, "पप्पा, एवढं पण गप्प बसू नका, भीती वाटते." मग आम्ही तिच्या गणिताच्या क्लासबद्दल बोललो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वीस तारीख जवळ आली आहे.

माझी हरकत नाही, असं मी लिहिलं होतं. हरकत आहे. तू परत यायला हवीस. मंजूसाठी नाही, आई-अप्पांसाठी नाही, मला हवी आहेस. कारणं मोठी नाहीत. कॉलेजात कुणी काही मूर्खपणा केला की घरी येऊन सांगायला तोंड उघडतो आणि समोर कुकर असतो. रविवारी कपडे वाळत घालताना तू रेडिओबरोबर चुकीच्या सुरात गुणगुणतेस, त्याचा मला त्रास व्हायचा. आता रेडिओ लावत नाही. झोपायच्या आधी कुणाशी तरी दोन वाक्यं बोलायची सवय आहे, ती वाक्यं तशीच राहतात. तुझ्या कामापुढं हे ठेवलं तर किती हलकं भरेल ते मला दिसतं.

हे लिहिणं म्हणजे तुझ्यावर जोर करणं आहे का, यावर मी दोन दिवस घालवले. एक मसुदा फाडला. त्यात शेवटी पुन्हा "अर्थात तू म्हणशील तसं" आलं होतं. मग वाटलं, जोर मी आधी करत होतो, पोरीच्या आडून. तेव्हा तू मला नाही म्हणू शकत नव्हतीस, कारण मी काही मागितलंच नव्हतं. आता मागतो आहे. ये. याला तू नाही म्हणू शकतेस.

मंजूला काय वाटतं ते मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

विजयेंद्र


नौबाद
२० मार्च २०२५

प्रिय विनीता,

उद्या मंजूचा पहिला पेपर. तिला धीर द्यायला म्हणून आई चार दिवसांपूर्वी संतपूरहून आली आहे. धीर कसला, दर तासाला तिच्यापुढं काहीतरी खायला नेऊन ठेवते. मघाशी मंजूनं आतून कडी लावली.

तू थांबलीस त्याला आता महिना झाला. तुमची शेवटची बोट निघाल्याचं तूच सांगितलंस. त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "तुम्ही ये म्हणालात म्हणून मला नाही म्हणता आलं. आधी नाही कुणाला म्हणायचं, तेच कळत नव्हतं." ते मी समजून घेतलं. खरोखर समजून घेतलं, असं मला वाटतं. आणि तुला म्हणालो, "बरं झालं." त्यानंतरच्या प्रत्येक फोनला मी तेच म्हणतोय.

आज आई तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "कवा येणार ती?"

"डिसेंबरात."

"जेवायला-खायला नीट हाय का तिला?"

"हाय. आता तिकडं दिवस लहान व्हायलाय."

"आन् पोरीला काय वाटायलंय? आई न्हाई परीक्षेला."

"तिलाच इचार."

आईनं ताट हलवून खडे एका बाजूला घेतले. मग मान वर न करता म्हणाली, "आन् तुला?"

तुझ्याशिवाय हे मला इतक्या महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारू दिलं नव्हतं म्हण.

"आवडलं न्हाई मला," मी म्हणालो.

"तिला सांगितलास?"

"बरं झालं म्हणालो."

"येडा हायस का रे? पाव्हणी हाय का ती, बरं झालं म्हणायला? घरचं माणूस हाय. तिला कळाया नको व्हय?"

म्हणून हे पत्र. विनीता, तू थांबलीस ते मला आवडलं नाही. तुझं चुकलं, असं मी म्हणत नाही. तू थांबायला हवं होतंस की नव्हतं, याचा विचार मी करून पाहिला, आणि तुझ्या जागी मी असतो तर थांबलो असतो, असंच दर वेळी उत्तर आलं. तरी मला आवडलं नाही. डिसेंबरात आलीस की यावर आपण नीट, सावकाश भांडू. तोवर फोनवर माझा आवाज तुटक लागला तर नेटवर्कला दोष देऊ नकोस. मी रागावलेला असेन. आणि तरी फोन करत जा.

आईला म्हणालो, लिहिलं बघ. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "मग आता जेवून घे."

तुझा,
विजयेंद्र